जागता फोन

मिरजेच्या त्या रुग्णालयात, डायलिसिसच्या हॉलमध्ये कुणाचाही फोन वाजत नसे. तशी पाटी लावलेली नव्हती. फोन वाजणंच मुळी गेल्या काही वर्षांत बंद झालं होतं, 'निवांत' आल्यापासून. फोनच्या आत बसलेली ही व्यवस्था मनगटावरच्या पट्टीवरून सगळं पाहायची. माणूस झोपलाय की जागा आहे, कामात आहे की मोकळा, त्याचं काळीज किती वेगानं धडधडतंय. आणि मग आलेला निरोप त्याला आत्ता दाखवायचा की नंतर, ते ठरवायची. सुरुवातीला लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग बरं वाटू लागलं. जेवताना माणसं एकमेकांकडे बघून बोलू लागली. मेल संध्याकाळी एकत्र बांधून आलेल्या दिसायच्या, त्याला सगळे 'जुडी' म्हणत. काही जुडीतही येत नसत. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नसावं, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

त्रिशला मगदूमलाही निवांत आवडायचं. ती शाळेत खेळाची शिक्षिका. खो-खोचे संघ घडवण्यात तिचा सगळा उमेदीचा काळ गेला होता. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ओरडली की त्या टोकाच्या पोरी जागच्या जागी थांबायच्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा या हॉलमधल्या खुर्चीत पडून राहावं लागायचं. शेजारचं यंत्र तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडायचं. पाणी मोजून प्यायचं, आणि वाट बघायची, कुणाची तरी किडनी मिळण्याची.

त्या दिवशी यंत्र सुरू झाल्यावर नसीम तिच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. नसीम सतारमेकर म्हणजे प्रत्यारोपणाच्या रुग्णांची सगळी व्यवस्था पाहणारी बाई. एरवी चालता चालता बोलणारी. आज ती स्टूल ओढून बसली.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही नाही का म्हणालात?"

"कशाला नाही म्हणाले?"

नसीमनं आवाज खाली आणला. "किडनीला. परवा सकाळी तुमच्या नावावर आली होती. गट जुळत होता, सगळंच जुळत होतं. अवयव केंद्राच्या फलकावर तुमच्या नावापुढं 'नकार' पडलाय. मला वाटलं, घाबरलात की काय."

त्रिशलाला क्षणभर ते शब्दच कळले नाहीत. मग तिनं मोकळ्या हातानं फोन उचलला, मेलचं ॲप उघडलं आणि बोटानं पडदा खाली ओढला. असं ओढलं की सर्व्हरवर जे काही असेल ते येतं, हे तिला माहीत होतं. पण फोन स्वतःच सांगतो म्हटल्यावर रोज कोण ओढत बसणार?

दोन मेल आल्या. पहिलीत लिहिलं होतं, 'आपल्यासाठी अवयव उपलब्ध झाला आहे. दोन तासांत होकार कळवावा.' दुसरीत, 'मुदतीत उत्तर न आल्याने आपला नकार गृहीत धरण्यात आला आहे.'

शेजारचं यंत्र किंचाळू लागलं. तिचा रक्तदाब चढला होता. नसीम धावपळ करत असतानाच मनगटावरची पट्टी हलकेच थरथरली आणि तिच्यावर अक्षरं उमटली : 'आपण तणावात आहात. दीर्घ श्वास घ्या.'

त्रिशलानं दातांनी पट्टीचा बंद सोडवला आणि ती पट्टी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. नेम अचूक बसला.

"नसीम," ती म्हणाली, "मी नाही म्हटलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

*

दीक्षा कांबळे त्याच आठवड्यात पुण्याहून आली. ती एकेकाळची त्रिशलाच्या संघाची कप्तान. आता मेलची ॲप लिहायची. मगदूमांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तिनं त्रिशलाचा फोन तासभर तपासला. त्रिशलाचा नवरा भरतेश समोर उभा होता. पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्याचा, त्यांत नव्यानं तार गुंडाळण्याचा त्याचा धंदा. बिघडलेली वस्तू समोर असली की त्याला बसवत नसे.

"बिघाड कुठं आहे, ते सांग," तो म्हणाला.

"बिघाड नाहीच काका. हा फोन अगदी जसा चालायला हवा तसाच चालला." दीक्षानं फोन उलटा ठेवला. "पूर्वी मेलचं ॲप स्वतःची एक तार सर्व्हरपर्यंत उघडी ठेवायचं. तिकडं मेल आली की इकडं लगेच कळायचं. पण प्रत्येक ॲपची अशी वेगळी तार म्हणजे फोन सतत जागा. दुपारपर्यंत बॅटरी खलास. म्हणून फोनवाल्यांनी सगळ्यांच्या तारा कापल्या आणि एकच दार ठेवलं. निरोप कुठलाही असो, त्या दारातून आत ढकलायचा. म्हणून तर त्याला पुश म्हणतात. ॲप आत झोपलेलं असतं, दारावरच्यानं उठवलं तरच उठतं."

"आणि दारावर निवांत बसलाय," त्रिशला म्हणाली.

"निवांत नंतर आला. ते दार पहिल्यापासूनच भरवशाचं नव्हतं. कधी उशीर करायचं, कधी फोन बॅटरी वाचवतोय म्हणून निरोप टाकूनच द्यायचं. अटींमध्ये लिहिलेलं असतं, पोहोचवण्याचा प्रयत्न करू. हमी कुणीच देत नाही. तेव्हा चालून जायचं, कारण मेल नाही मिळाली तर माणूस फोन करायचा."

आता कुणी फोन करत नव्हतं. आईबापांचा, साहेबांचा हुबेहूब आवाज काढून लुबाडणाऱ्यांचा इतका सुळसुळाट झाला, की अनोळखी क्रमांक वाजणंच बंद करण्यात आलं. सरकारी निरोपांना खात्रीची मोहोर असलेली मेल हाच एक रस्ता उरला. अवयव समन्वय केंद्रानं तर रुग्णालयालाही मधून काढलं होतं, वशिल्याला वाव नको म्हणून. मेल थेट रुग्णाला जायची. रुग्णानं होकार दिला तरच रुग्णालयाला कळवलं जायचं, नकार नंतर नुसता फलकावर दिसायचा.

"पण केंद्राला कळलं नाही का, की हिला मेल मिळाली नाही?" भरतेशनं विचारलं.

"त्यांच्याकडे 'पोहोचली' असंच दिसलं. दारापर्यंत पोहोचली की ते 'पोहोचली' दाखवतात." दीक्षा त्रिशलाकडे वळली. "मॅडम, केंद्राच्या दर महिन्याला मेल यायच्या, आपण यादीत आहात म्हणून. त्या उघडायचात का तुम्ही?"

"वरची ओळ दिसायची. वाचायची आणि बोटानं बाजूला सारायची. उघडून काय बघायचं त्यात?"

"म्हणजे निवांतच्या लेखी या मेलमध्ये तुम्हाला रस नाही. त्यात त्या सकाळी तुम्ही डायलिसिसनंतरच्या थकव्यानं पडून होतात. त्यानं तुमच्या विश्रांतीची काळजी घेतली."

भरतेशनं टेबलावर मूठ आपटली. त्रिशला मात्र मुलींना हरलेल्या सामन्यानंतर बोलायची तशा स्वरात म्हणाली, "ती किडनी ज्याला मिळाली त्याचं भलं होवो. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण माझ्या नावानं 'नाही' म्हणणारा हा कोण?"

*

तिची तक्रार निवांतच्या कंपनीकडे गेली, वर्तमानपत्रातही आली. मग कंपनीचे निरंजन देवस्थळी स्वतः मिरजेला आले. मृदू बोलणारा, ऐकून घेणारा माणूस. ते हॉलमध्ये तिच्या खुर्चीशेजारी बसले. त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणाले, "मॅडम, आजपासून तुमच्या फोनला आम्ही थेट वाट देतोय. केंद्राची मेल आली की निवांत मध्ये येणार नाही. फोन खणखणून वाजेल."

"फक्त माझ्या?"

"तक्रार तुमची होती."

त्रिशलानं हॉलभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्यांवरची माणसं कान देऊन ऐकत होती. "यांनाही द्या."

"तेच अवघड आहे. आज रुग्णांना दिली तर उद्या बँका म्हणतील आमचा निरोप जीवनावश्यक. परवा दुकानवाले, मग पक्षवाले. सगळे त्या वाटेनं घुसतील आणि पूर्वीचा गोंगाट परत येईल. त्या गोंगाटानं माणसं आजारी पडत होती, झोप उडाली होती लोकांची. तुम्ही विसरलात का?"

ते खोटं बोलत नव्हते. त्रिशलालाही ते दिवस आठवत होते. तरी ती म्हणाली, "साहेब, वाजायचं नसेल तर नका वाजवू. पण माझ्या नावावर काय अडवून ठेवलंय, ते मला दिसू तरी द्या. यादी दाखवा. सगळ्यांना."

"अडवलेलं दाखवलं की माणूस तेच बघत बसतो. मग निवांतला अर्थच राहत नाही."

"मग तुमची थेट वाट तुमच्याकडेच ठेवा."

भरतेश दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. घरी जाताना स्कूटरवर तो एवढंच म्हणाला, "घेतली असतीस तर काय झालं असतं गं? मला तू हवी आहेस."

तिनं त्याच्या पाठीवर कपाळ टेकवलं. "अहो, मलाही मी हवी आहे. पण उद्या त्या हॉलमध्ये कुणाच्या तोंडाकडे बघून बसू?"

नकाराबद्दल तिला शिक्षाही झाली होती. केंद्राच्या नियमानं नकार देणाऱ्याचं नाव एक पायरी खाली सरकायचं. त्या रक्तगटात आता सिकंदर जमादार पहिला होता, आणि त्याच्यामागं त्रिशला. इलेक्ट्रिक रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा सिकंदर तिच्या समोरच्याच खुर्चीवर बसायचा आणि यंत्र सुरू असतानाही विनोद सांगायचा. हा क्रम फलकावर सगळ्यांनाच दिसत होता.

*

कापलेली तार पुन्हा जोडता येईल का, एवढाच प्रश्न त्रिशलानं दीक्षाला विचारला. दीक्षानं हॉलमधल्या सगळ्यांच्या संमतीनं एक ॲप लिहिलं. ते सगळ्यांच्या मेलपेट्यांशी स्वतःच्या तारा उघड्या ठेवायचं. केंद्राची मेल येताच पडदा लाल व्हायचा आणि नाव दिसायचं. अडचण एकच होती. पडदा विझला की फोन ते ॲप झोपवून टाकायचा. पडदा उजळ ठेवायचा तर माणसानं समोर बसायला हवं. आणि माणूस फार वेळ बसला की निवांत त्याचा चेहरा ओळखून म्हणायचं, 'आपण थकला आहात,' आणि पडदा स्वतःच विझवायचं.

"चेहरा बदलला तर?" त्रिशलानं विचारलं.

दीक्षा हसली. "तर त्याला वाटेल, नवा माणूस आला. ताजातवाना."

मग पाळ्या लागल्या. एक फोन, चार्जरला जोडलेला, आणि त्याच्यासमोर एक माणूस. एकाला थकवा आला की त्यानं पुढच्याच्या पाठीवर थाप मारून उठायचं. 'खो' म्हणायचं कुणी शिकवलं नाही, पण दुसऱ्याच दिवसापासून सगळे म्हणू लागले. हॉलमध्ये डायलिसिसवर असलेले बसत, संध्याकाळनंतर तो फोन कुणा ना कुणाच्या घरी जाई. नातेवाईक बसत, शेजारी बसत, त्रिशलाच्या जुन्या खेळाडू बसत. फोन माणसांना सतत जागं ठेवतो म्हणून त्याला झोपायला शिकवलं होतं, आणि आता माणसं फोनला जागं ठेवत होती.

एका रविवारी दुपारी पाळी त्रिशलाची होती. भरतेश अंगणात मोटार उघडून बसला होता. पडदा लाल झाला.

नाव सिकंदर जमादारचं होतं.

तिनं त्याला फोन लावला. अर्थातच वाजला नाही. तो कुठंतरी कशात तरी रमला असणार, आणि निवांतला ते कळलं असणार. ती खुर्चीतून उठली आणि उभीच राहिली. मागचा नंबर तिचा होता. काहीही करायची गरज नव्हती. फोन उपडा ठेवून दोन तास नुसतं बसून राहिलं की मेल तिच्या नावानं येणार होती, तिच्या हातातल्या याच फोनवर. कुणाला कळलंही नसतं. 'पोहोचली' असंच दिसलं असतं.

तिला अतिशय तहान लागली. माठापर्यंत गेली, पेला उचलला, आणि तसाच ठेवून दिला.

"अहो!" मैदानावरच्या आवाजात ती ओरडली. "स्कूटर काढा!"

सिकंदरच्या गॅरेजला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, तो मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला मालगावला गेलाय. भरतेशनं स्कूटर तशीच मालगावच्या रस्त्याला घातली. खड्ड्यांवरून उडताना तिच्या हातातली डायलिसिसची शीर ठणकत होती. वाटेत भरतेशनं एकदाच मान वळवून विचारलं, "तुझाच नंबर आहे ना, त्याच्यामागं?"

"हो."

स्कूटरचा वेग मात्र कमी झाला नाही.

लग्नाच्या मांडवात पंगती बसल्या होत्या आणि बँडवाले जीव तोडून वाजवत होते. एवढ्या गर्दीत शोधणार कुठं? त्रिशला सरळ स्टेजवर चढली. आहेर देणाऱ्यांच्या रांगेला बाजूला करत तिनं गाणाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"सिकंदरभाई जमादार! जिथं असाल तिथं घास खाली ठेवा! काही खाऊ नका, पाणीसुद्धा पिऊ नका! तुमची किडनी आलीय!"

बँड थांबला. तिसऱ्या पंगतीत एक माणूस उभा राहिला. हातात बिर्याणीचा घास होता. त्याची बायको शेजारून उठली, तिनं तो घास त्याच्या हातातून झाडला आणि त्याचा हात घट्ट धरला. सिकंदर स्टेजकडे बघत होता. विनोद सुचत नसलेला सिकंदर तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"मॅडम," तो जवळ आल्यावर म्हणाला, "माझ्यामागं तुम्हीच आहात. मला फलक वाचता येतो."

"मग होकार दाबा लवकर. मुदत संपली तर ही सगळी धावपळ फुकट."

त्यानं खिशातून फोन काढला, मेलचा पडदा खाली ओढला आणि अंगठा टेकवला. होकार गेला. फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्याच गाडीत बसवून लोकांनी त्याला मिरजेला पाठवलं.

*

सिकंदरची शस्त्रक्रिया नीट झाली. आणि पुढच्याच आठवड्यात दीक्षाचं ॲप फोनवाल्यांच्या ॲपच्या दुकानातून काढून टाकण्यात आलं. कारण दिलं होतं, 'वापरकर्त्यांच्या विश्रांतीस अपायकारक.' पाठोपाठ फोनमध्ये नवी सुधारणा येऊ घातली. तिच्यात एकच ॲप फार वेळ उजळ ठेवता येणार नव्हतं, चेहरा कुणाचाही असो.

देवस्थळींनी त्रिशलाला मेल पाठवली, आणि तीही तिला जुडीतच मिळाली. अवयव केंद्राच्या मेलसाठी सर्वच रुग्णांना थेट वाट देण्याची कंपनीची तयारी होती. बदल्यात फोन जागे ठेवण्याचे प्रकार थांबवावेत, एवढी त्यांची विनंती होती.

नसीमनं ती मेल हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. त्रिशलानंही टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "वाट घेऊ. सगळ्यांना मिळतेय, का नाही घ्यायची? पण थांबवायचं काही नाही. ती सुधारणा मी माझ्या फोनवर घेणार नाही. मी यादी मागितली होती. अडवून ठेवलेल्याची यादी. तिच्याबद्दल यात एक अक्षर नाही."

"आता कशाला हवी मॅडम?" कुणीतरी म्हणालं. "आपलं काम तर झालं."

"आपल्याला कळलं म्हणून झालं. इथं नसीम आहे, फलक आहे. बाहेर कुणाकडे काय आहे?"

दीक्षानं दुकानाची वाट सोडून ॲप दुसऱ्या रूपात तयार केलं. नवं ॲप फार काही करत नव्हतं. सर्व्हरवर काय काय आलं होतं आणि फोननं त्यातलं काय काय दाखवलं, हे शेजारी शेजारी मांडून फरक तेवढा दाखवायचं. सुधारणा न घेतलेल्या फोनवरच ते चालायचं, म्हणून घाई होती. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानाच्या फाटकाशी भरतेशनं एक टेबल टाकलं. दीक्षा फोनला लावायची केबल घेऊन बसली. त्रिशलानं रस्त्यावर उभं राहून हाळी द्यायला सुरुवात केली. "या! तुमच्या फोननं तुमच्यापासून काय ठेवून घेतलंय, ते बघून जा!"

कंपनीचा एक माणूस पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून सगळं टिपून घेत होता. त्रिशलानं त्यालाही हात करून बोलावलं. तो आला नाही.

बराच वेळ कुणीच आलं नाही. माणसं हसून पुढं जात होती. माझं कशाला काही अडेल, असा त्यांचा चेहरा. मग बाजाराची पिशवी घेतलेला एक मध्यमवयीन माणूस थांबला. सहज, गंमत म्हणून त्यानं फोन दीक्षाच्या हातात दिला.

पडद्यावर जाहिराती सरकू लागल्या. सवलती, सर्वेक्षणं, कुणा क्लबची निमंत्रणं. तो हसत होता. "बरं झालं की नाही दाखवलं!" तो म्हणाला. दीक्षाचं बोट आणखी खाली गेलं आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं पिशवी खाली ठेवली. फोन स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि एकच मेल पुन्हा पुन्हा वाचली.

"कुणाची आहे?" त्रिशलानं हलकेच विचारलं.

"भावाची," तो म्हणाला. "आमचं बोलणं बंद होतं. त्याच्या मेल मी उघडत नसे." त्याच्यामागं आता तिघं-चौघं येऊन उभे राहिले होते, आपापले फोन हातात घट्ट धरून, आणि कुणीच हसत नव्हतं.

तारीख कुठंच दिसत नव्हती, म्हणून त्यानं पडदा दीक्षासमोर धरला.

"ताई, त्यानं 'ये' म्हणून लिहिलंय. हे कधीचं आहे?"